आईसाठी पाटा काढायचा का?

पत्र : काका, दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. सहा वर्षांची डबल केबिन पिकअप आहे. हंगामात ती क्रेट वाहते आणि उन्हाळ्यात मागे दोन चाकी ट्रेलरवर हजार लिटरची पाण्याची टाकी ओढते. आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, दर मंगळवारी तिला तपासणीला नाशिकला न्यावं लागतं. गाडी रिकामी असली की मागून अशी आदळते की प्रत्येक गतिरोधकाआधी आई डोळे मिटून घेते. गॅरेजवाला म्हणतो, मागच्या स्प्रिंगचा एक पाटा, म्हणजे एक पोलादी पट्टी, काढून टाकू, गाडी मऊ होईल. थोरला भाऊ म्हणतो, पाटा काढला तर टाकी कशी ओढायची? मागे ५ पाटे आणि खाली एक जाड हेल्पर आहे. हवा मागे ६५ पौंड, पुढे ४०, वर्षभर तेवढीच. टाकी जोडल्यावर गाडीला मागून धक्केही बसतात. काय करू? – एक बागायतदार

उत्तर :

भाऊ,

पाटा काढू नका. मंगळवारच्या आत कोणी तुमची गाडी जॅकवर चढवणार असेल तर आधी हे उत्तर त्याला वाचायला द्या.

मी सस्पेन्शनचं काम शिकत होतो तेव्हा टोमॅटो वाहणाऱ्या एका गाडीचा पाटा मीच काढून दिला होता. मालक पंधरा दिवस खूश होता. मग पिंपळगावला माल घेऊन जाताना मेन पाटा डोळ्याजवळ, म्हणजे टोकाच्या गोल कडीजवळ, तुटला, मागचा धुरा (दोन चाकांमधला आस) एका बाजूने सरकला आणि भरली गाडी रस्त्यात तिरकी झाली. सुदैवाने कोणाला लागलं नाही. त्या दिवसानंतर मऊपणासाठी मी कोणाचाही पाटा काढलेला नाही, आणि तुमच्या गाडीत तर आई बसणार आहे.

यात हिशोबही तोट्याचा आहे. पाच सारख्या जाडीच्या पाट्यांतला एक काढला की उरलेल्या चारांवर प्रत्येकी २५ टक्के जास्त ताण येतो. पाट्यांचा कडकपणा पाचव्या हिश्शाने कमी होतो, म्हणजे भार पेलायची ताकद तेवढी गेली. पण गाडी उडते किती भराभर, ते कडकपणाच्या वर्गमुळावर ठरतं. म्हणून उडण्यात फरक पडतो जेमतेम दहा-अकरा टक्के. रिकाम्या गाडीचे मागचे पाटे समजा २५ मिलिमीटर दबलेले आहेत, तर ती सेकंदाला साधारण ३.१ वेळा वर-खाली होते. पाटा काढल्यावर हा आकडा २.८ वर येईल. आईला तो फरक कळायचाही नाही. टाकी जोडाल तेव्हा पाट्यांना मात्र कळेल.

गाडी भरली की ती आपोआप सुधारते, हे तुम्ही हंगामात अनुभवलं असेल. तेच पाटे भाराखाली ७५ मिलिमीटर दबले की हेलकावा सेकंदाला १.८ वर उतरतो. ही लय आपल्या चालण्याच्या लयीजवळची, म्हणून अंगाला सोसते. बसलेल्या माणसाच्या कण्याला सगळ्यात जास्त त्रास होतो तो सेकंदाला ४ ते ८ वेळा बसणाऱ्या उभ्या धक्क्यांचा. निरोगी पाट्यांवर रिकामी गाडीसुद्धा या पट्ट्यात जायला नको. तुमची जात असणार, कारण तुम्ही लिहिलंय त्यावरून मला वाटतं की तुमचे पाटे रिकाम्या गाडीत हलतच नाहीयेत. गाडी नुसती टायरवर उडते आहे, आणि टायरमध्ये ६५ पौंड हवा आहे.

म्हणून सुरुवात हवेपासून.

ड्रायव्हरचा दरवाजा उघडा. खांबावर किंवा दरवाजाच्या कडेला एक पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर मागच्या टायरचे बहुधा दोन आकडे असतात, एक रिकाम्या गाडीचा आणि एक भरलेल्या. पट्टी धुऊन गेली असेल तर मालकाच्या पुस्तिकेत बघा. आपल्याकडे सगळे भरल्या गाडीचा आकडा धरून हवा मारतात आणि तीच बारा महिने ठेवतात, कारण पंपावर दोनदा थांबायचा कंटाळा. पण टायरचा कडकपणा जवळजवळ हवेच्या प्रमाणात वाढतो-घटतो. मंगळवारी गाडी रिकामी जाणार, तर सकाळी टायर थंड असताना मागची हवा रिकाम्या गाडीच्या आकड्यावर आणा. त्याच्या खाली एक पौंडही जाऊ नका. पुढच्या ४० पौंडांचीही त्याच पट्टीशी गाठ घाला.

आता याची दुसरी बाजू, आणि ती हलक्यात घेऊ नका. क्रेट चढवण्याआधी किंवा टाकी जोडण्याआधी हवा परत वर गेलीच पाहिजे. कमी हवेवर भार टाकला की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला दुमडते, तापते, आणि एप्रिलच्या उन्हात हायवेवर फुटते. यासाठी बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टचा पंप आणि एक चांगला गेज गाडीतच ठेवा. एक पाटा काढून परत बसवायच्या मजुरीपेक्षा हे महाग नाही. टायर बदलायची वेळ आली तर मऊ म्हणून मोटारीचे टायर घेऊ नका. टायरच्या भिंतीवर भाराचा क्रमांक असतो. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०६ म्हणजे ९५० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो. कंपनीने दिलेल्या क्रमांकाच्या खाली उतरायचं नाही.

हवेनंतर पाट्यांकडे वळू. माझ्या मते तुमचा खरा आजार इथे आहे.

पाटे एकमेकांवर घसरतात तेव्हाच कमान वाकते. सहा वर्षांत बागेतला चिखल, फवारणीचं पाणी आणि धूळ पाट्यांच्या मध्ये जाऊन बसते, गंज धरतो, आणि पाचही पाटे एकमेकांना असे पकडून ठेवतात की जणू एकच जाड पट्टी. क्रेट भरल्या की भाराने ती पकड सुटते. रिकाम्या गाडीत लहान खड्ड्याचा जोर पकड सोडवायला पुरत नाही, मग धक्का पाट्यातून आरपार चेसिसमध्ये, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात, जातो. हे तुम्हाला घरीच तपासता येईल. सपाट जागी हँडब्रेक लावून गाडी उभी करा, दोन धट्टेकट्टे गडी मागच्या फाळक्यावर उभे करून एका लयीत झुलायला सांगा आणि तुम्ही बाजूला बसून पाट्यांच्या टोकांकडे बघा. टोकं एकमेकांवर जराही सरकत नसतील आणि फक्त टायरच दबत असेल, तर पाटे जाम आहेत.

त्याच वेळी हेल्परकडेही नजर टाका. खालचा तो जाड पाटा भार पडल्यावरच कामाला लागायचा असतो. रिकाम्या गाडीत तो मोकळा असायला हवा, वरच्या पाट्यांची कमान आणि त्याची टोकं यांच्यात फट दिसायला हवी. वरचे पाटे वर्षानुवर्षांच्या भाराने बसले की ती फट संपते आणि हेल्पर रिकाम्या गाडीतही भिडून राहतो. मग गाडी कायम भरल्या गाडीइतकी कडक. अशा गाडीचा पाटा काढला तर ती आणखी खाली बसते, हेल्परवर आणखी जोरात टेकते आणि आधीपेक्षा जास्त आदळते! हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय. लोक मऊ करायला पाटा काढतात आणि कडक गाडी घेऊन परत येतात.

फट असेल तर काम सोपं. पाटे उतरवून, सुटे करून, तारेच्या ब्रशने गंज काढून घ्या. एखाद्याला बारीकशी तडा गेली असेल तर ती याच वेळी सापडते. टोकांशी प्लास्टिकच्या किंवा रबरी चकत्या असतील तर नव्या टाका आणि तिथे ग्रीस लावू नका. चकत्या नसतील तर ग्राफाइट ग्रीसचा पातळ हात पुरे. जाड थापलं तर धूळ धरून त्याचीच सहाण होते. शॅकलचे बुश (पिनभोवतीच्या नळ्या) बदला. शॅकल हा पाट्याच्या मागच्या टोकाचा झोका आहे. पाटा सपाट होताना लांबतो आणि तो झोका मागे सरकून त्याला जागा देतो. बुश सुकून पिनला चिकटला की झोका थांबला आणि पाटाही थांबला. पाटे धुऱ्याला आवळून धरणारे यू-बोल्ट नवे घालायला सांगा, टॉर्क पाना वापरून आवळायला सांगा आणि काही दिवस चालवून परत एकदा आवळून घ्या.

फट नसेल, म्हणजे पाटे बसले असतील, तर कमान मारून, म्हणजे तेच पाटे पुन्हा वाकवून, घेण्यापेक्षा नवा जोड घालणं बरं. गॅसने तापवून मारलेली कमान दिसायला छान दिसते, पण पाट्याच्या पोलादाला कारखान्यात दिलेलं पाणी तापवल्यावर उतरतं आणि काही महिन्यांत पाटा पुन्हा बसतो, नाहीतर तुटतो. नवा जोड कंपनीच्या मापाचाच घ्या, आणि दोन्ही बाजूंना एकदम.

शॉकअपबद्दल एकच गैरसमज दूर करतो. शॉकअप भार उचलत नाही, तो फक्त पाट्याची उसळी शांत करतो. म्हणून त्याला हात लावल्याने ओढण्याची ताकद कमी होत नाही. गतिरोधकानंतर गाडी दोन-तीनदा झुलत राहत असेल किंवा शॉकअपच्या अंगावर तेल ओघळलं असेल तर दोन्ही बदला. चांगले गॅसचे घ्या, पण सगळ्यात कडक घेऊ नका. दुकानदार हेवी ड्युटी म्हणून तेच पुढे करतो. धुऱ्याच्या वर चेसिसला रबरी ठोकळे असतात, तेही बघा. रबर गळून पडलं असेल तर मोठ्या खड्ड्यात लोखंडावर लोखंड आपटतं, आणि तो आवाज तुमच्या आईला नक्की ओळखीचा असेल.

आता टाकीकडे येतो. थोरल्या भावाची काळजी रास्त आहे, पण मला त्यापेक्षा वेगळीच काळजी वाटते.

हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो. टाकी आणि ट्रेलरचं लोखंड धरून तेराशे-साडेतेराशे किलो तुम्ही मागे बांधता. या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत का? पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून विचारतो. युरोपात ७५० किलोच्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात. तुमचा भार त्याच्या पावणेदोन पट आहे. ब्रेक नसतील तर उतारावर ते सगळं वजन तुमच्या पिकअपला मागून ढकलतं. गाडी थांबायला जितकी जास्त जागा घेते, तितकी जागा समोरच्या दुचाकीवाल्याकडे नसते. दाब आला की आपोआप लागणारा ब्रेक दांडीच्या तोंडाशी बसवता येतो. पाट्यावर खर्च करायच्या आधी खर्च इथे करा. गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याच्या वजनाचा आकडा शोधा. नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा आणि येईल तो आकडा पाळा. ट्रेलरची वेगळी नोंदणी लागते, हेही लक्षात असू द्या.

तुम्हाला बसणारे मागचे धक्के मात्र पाट्यांचे नाहीत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसारखी रिंग आणि पिन असेल तर पिन झिजून रिंगेत सैल झालेली असते. गाडी पुढे जाते, रिंग मागे राहते, मग ओढली जाते. ब्रेक मारला की उलट. ही ठोक चेसिसमधून सीटपर्यंत येते. रिंगेला नवा बुश टाकून पिन घट्ट मापाची करा, जमल्यास गोळ्याचा हूक बसवा. दुसरं कारण पाणी. अर्धी टाकी सगळ्यात वाईट, कारण पाणी पुढे-मागे लोटतं आणि प्रत्येक लोटीला दांडी एकदा दाबते, एकदा उचलते. टाकीत आडवे भोकांचे पत्रे बसवा, किंवा हजाराच्या एका टाकीऐवजी पाचशेच्या दोन घ्या, म्हणजे कमी पाणी लागेल त्या दिवशी एक काठोकाठ भरलेली, चाकांच्या वर ठेवून नेता येईल.

दांडीच्या तोंडावर किती वजन पडतं, ते मोजलंत कधी? ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के तोंडावर यायला हवं. कमी पडलं तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो, जास्त पडलं तर गाडीचं तोंड वर होतं. तुमच्या ट्रेलरला हे १३५ ते २०० किलो होतं. समजा १५० आलं. हूक मागच्या धुऱ्याच्या १.२ मीटर मागे आणि दोन धुऱ्यांमधलं अंतर ३ मीटर असेल, तर तरफेच्या हिशोबाने मागच्या धुऱ्यावर १५० नाही, २१० किलो पडतात आणि पुढच्यावरून ६० किलो उचलले जातात. स्टेअरिंग हलकं लागतं ते त्यामुळेच. पिंपळगावला वजनकाट्यावर जाताच, तर एकदा पुढचा धुरा, मागचा धुरा आणि दांडीचं तोंड वेगवेगळं मोजून घ्या. पाटे किती हवेत याची चर्चा भावाशी त्या तीन आकड्यांवर करा.

एवढं करूनही टाकी जोडल्यावर गाडी मागून बसते असं दिसलं, तर त्याला एक चांगला उपाय आहे, तो म्हणजे हवेचे फुगे. धुरा आणि चेसिसच्या मध्ये दोन रबरी फुगे बसवतात. रिकाम्या गाडीत त्यांच्यात नावापुरती हवा असते, त्यामुळे पाटे आपल्या चालीने चालतात. भार आला की हवा भरून गाडी मूळ उंचीला आणायची. अवजड पिकअप अमेरिकेत घरोघर दिसतात, तिथे हाच प्रश्न कंपन्यांनाही सोडवावा लागला. रॅमने २०१४ मध्ये आपल्या २५०० मॉडेलला मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग दिले, कारण ती गाडी लोक रोजच्या प्रवासालाही वापरतात. जास्त भाराच्या ३५०० ला मात्र पाटेच ठेवले आणि जोडीला हवेच्या फुग्यांची सोय दिली. म्हणजे भार ज्यांच्यासाठी महत्त्वाचा, त्यांचे पाटे त्यांनीही काढले नाहीत.

फुगे बसवताना दोन्हींची हवेची नळी वेगळी ठेवा. एकच नळी असली तर वणीच्या घाटातल्या वळणावर बाहेरच्या फुग्यातली हवा आतल्यात जाते आणि गाडी जास्त कलते. फुगा पूर्ण रिकामा कधीच करू नका, नाहीतर धुरा आणि चेसिसमध्ये चिमटून फाटतो. फुग्यांमुळे आरसी बुकातलं भरल्या गाडीचं वजन वाढत नाही; त्यावर गेलात तर मोटार वाहन कायद्यात २० हजार रुपये दंड आणि जादा प्रत्येक टनाला २ हजार आहेत. त्याच कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. म्हणून बसवण्याआधी पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात आणि तुमच्या विमा कंपनीत विचारा, उत्तर लेखी घ्या. मी हा उपाय मुद्दाम शेवटी सांगतोय. हवा, गंज, बुश आणि पिन झाल्यावर तुमच्यासारख्या बहुतेकांना त्याची गरज उरत नाही.

आणि आई. डबल केबिनमध्ये मागची सीट मागच्या धुऱ्याच्या जवळ असते, पाठ सरळसोट आणि फोम पातळ. आईला पुढच्या सीटवर बसवा. ती दोन्ही धुऱ्यांच्या मध्ये येते आणि धक्का कमी पोचतो. सीट थोडी मागे सरकवून पाठ किंचित कलती करा. उशी मऊ घेऊ नका. मऊ उशी पहिल्या खड्ड्यातच तळाला लागते आणि मग हाड थेट पत्र्यावर. घट्ट, जास्त घनतेचा फोम गादीवाल्याकडून सीटच्या मापाचा कापून घ्या. किती वेळ बसायचं, पट्टा बांधायचा का, मध्ये थांबून चालायचं का, हे तिच्या डॉक्टरांना विचारा. मी गाड्यांचा माणूस आहे, मणक्याचा नाही.

गॅरेजचं काम या मंगळवारपर्यंत होणार नाही. हवा आणि पुढची सीट मात्र सोमवारी संध्याकाळीही जमेल. हौद्यात काही नेणार असाल तर ते फाळक्याशी ठेवू नका, धुऱ्याच्या वर केबिनकडे सरकवून दोरीने बांधा. गतिरोधकाला दोन्ही चाकं एकदम सरळ जाऊ द्या, तिरकी घातली की माणूस कडेला फेकला जातो. ब्रेक आधी मारा आणि चाक वर चढण्याआधी सोडा, म्हणजे पुढचं नाक दबलेलं राहत नाही. दिंडोरी रोडने पहाटे लवकर निघालात तर मागच्या गाड्यांच्या हॉर्नची घाई नसते आणि तीसच्या वेगाने निवांत जाता येतं.

फाळक्यावर गडी उभे केल्यावर पाट्यांची टोकं सरकली की नाही आणि हेल्परला फट आहे की नाही, एवढं मला कळवा. दोन्ही बाजूंचे फोटो पाठवलेत तर पुढचं काम नेमकं सांगता येईल.

– काका